पार्श्वभूमी: पटावरची सवय आणि प्रोग्रामिंग

पुण्यात उन्हाळी क्लासांच्या जाहिरातींत बुद्धिबळ आणि कोडिंग हल्ली शेजारी शेजारी दिसतात. शहराला पहिला ग्रँडमास्टर मिळाला २००० साली, आणि हिंजवडीत आयटी पार्क वाढला तोही त्याच काळात. एकाच घरात दोन्ही नाद असणं इथे नवं नाही. पण ‘बुद्धिबळाने डोकं तल्लख होतं, म्हणून प्रोग्रामिंगही जमतं’ हा पालकांचा हिशेब इतिहासात टिकत नाही.

संगणकाला बुद्धिबळ कसं खेळवावं याचा आराखडा १९५० मध्ये एका अमेरिकी गणितज्ञाने मांडला. मार्ग दोन होते: पुढच्या ठरावीक चालींपर्यंतची प्रत्येक शक्यता तपासायची, किंवा खेळाडूसारख्या मोजक्याच चाली पुढे न्यायच्या. पुढची वीसेक वर्षं अनेकांचा ओढा दुसऱ्या मार्गाकडे राहिला. प्रोग्राम लिहिणाऱ्यांत खेळणारे बरेच होते, आणि मुरलेल्या खेळाडूच्या मनात फालतू चाली येतच नाहीत, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होतं. १९७३ मध्ये मात्र एका अमेरिकी विद्यापीठातल्या गटाने, सलग स्पर्धा जिंकत असतानाही, आपल्या प्रोग्राममधली निवडच काढून टाकली. चांगल्या चाली निवडण्यात जेवढा वेळ जाई, जवळपास तेवढ्यातच सगळ्या चाली तपासून होत. शिवाय सरसकट तपासणाऱ्या प्रोग्रामची चूक हुडकणं सोपं. निवडणाऱ्याने नेमकी कोणती चाल का गाळली, हे शोधताना नाकी नऊ येतात.

हा निर्णय अनेकांना बुद्धिबळाचा अपमान वाटला. स्वतः विद्युत अभियंता असलेला एक सोव्हिएत माजी विश्वविजेता कित्येक वर्षं माणसासारखा विचार करणाऱ्या प्रोग्रामच्या मागे होता. तो प्रोग्राम स्पर्धेच्या पटावर कधी उतरलाच नाही. खेळातली जाण इथे आड आली, असं माझं स्पष्ट मत आहे. आपल्याला उत्तर कसं सुचतं, याची नक्कल यंत्राकडून करून घ्यायचा हट्ट आजही अनेक प्रोग्रामरांना महागात पडतो. १९९७ मध्ये डीप ब्लू या संगणकाने विश्वविजेत्याला ३.५–२.५ असं हरवलं, तेही मुख्यतः चाली तपासण्याच्या वेगावर.

मग खेळातून येतं काय? १९७३ च्याच एका प्रयोगात पट पाच सेकंद दाखवून मांडणी आठवायला सांगितली. खऱ्या डावातली मांडणी मास्टरने बरीचशी जशीच्या तशी लावली. सोंगट्या वाटेल तशा ठेवल्यावर नवशिक्यांवरची त्याची आघाडी जवळजवळ संपली. पुढे कोडवरही तसाच प्रयोग झाला. नीट लिहिलेला प्रोग्राम अनुभवी लोकांना अधिक आठवला, ओळी विस्कटल्यावर फरक फारसा उरला नाही. दोन्हीकडे कसब ओळखीच्या आकृत्यांचं, आणि त्या आकृत्या ज्या त्या क्षेत्राच्या. इंग्लंडमध्ये १०० प्राथमिक शाळांत झालेल्या चाचणीत तीस तास बुद्धिबळ शिकवूनही वर्षभराने गणितात फरक दिसला नाही. तो अहवाल २०१६ चा.

तरी एक गोष्ट उरते, आणि ती मला मोलाची वाटते: प्रतिचालीची सवय. चाल कितीही देखणी असो, तिला एक खणखणीत उत्तर सापडलं की ती बाद. बाकीची उत्तरं बघायची गरज नाही. चाली तपासताना एखादी शाखा पुढे न बघताच छाटण्याची जी युक्ती बुद्धिबळाच्या प्रोग्रामांत वापरली जाते, तिचा गाभाही हाच. कोड तपासताना खेळणारा माणूस हप्त्याची तारीख काढणारं फंक्शन बघतो आणि आधी विचारतो, ‘३१ जानेवारीला एक महिना मिळवला तर?’ फंक्शनने ३१ फेब्रुवारी दिली, की पुढचं वाचायचं कारण नाही.

दुसरी सवय डाव लिहून ठेवण्याची आणि हरल्यावर समोरच्याबरोबर बसून तो पुन्हा मांडण्याची. सध्या ओढाताण इथेच आहे. मोबाइलवरचं इंजिन, म्हणजे बुद्धिबळ खेळणारा प्रोग्राम, क्षणात चूक दाखवतं, म्हणून अनेक प्रशिक्षक आधी स्वतः विश्लेषण करून आणायला लावतात. कोड लिहून देणारी एआय साधनं आल्यापासून हाच आग्रह प्रोग्रामिंग शिकवणाऱ्यांनाही धरावा लागतो आहे.