ट्रॉलीबस, व्हँकुव्हर
डोक्यावरच्या दोन तारांमधून वीज घेऊन रबरी टायरवर धावणारी सिटी बस. कॅनडात आता ही फक्त व्हँकुव्हरमध्ये उरली आहे. मुंबईकर जुन्या पिढीला सांगायला नको, बेस्टनेही १९६२ ते १९७१ गवालिया टँक ते माझगाव अशी चालवली होतीच.

कॅनडातली पहिली ट्रॉलीबस कुठली यावर एकमत नाही. विंडसर आणि टोरोंटो दोन्ही शहरांत १९२२ साली ‘बिनरुळाची ट्राम’ म्हणून सुरू झाली, विंडसरमध्ये बहुधा काही आठवडे आधी, पण दोन्हीकडे प्रकार चार वर्षांच्या आतबाहेर गुंडाळला गेला, त्यामुळे काही अभ्यासक त्यांना नुसता प्रयोग म्हणतात आणि सुरुवात मॉन्ट्रियलपासून, १९३७ पासून धरतात. तारखेनेच जायचं तर विंडसरचा दावा खोडता येत नाही, मात्र पुढे विनिपेग (१९३८), एडमंटन (१९३९) वगैरे शहरांनी जे उचललं ते मॉन्ट्रियलच्या धर्तीचंच होतं, म्हणून दुसरं मत जास्त पटतं.

व्हँकुव्हरची सेवा १६ ऑगस्ट १९४८ ची. तेव्हा बस आणि वीज दोन्ही बी.सी. इलेक्ट्रिक या एकाच कंपनीकडे, ट्रामचे रूळ झिजलेले, त्यामुळे ‘रुळांवरून रबरावर’ अशी मोहीमच काढली आणि १९५५ मध्ये शेवटची ट्राम बंद झाली. सुरुवातीच्या गाड्या फोर्ट विल्यमच्या (आताचं थंडर बे) कारखान्यातल्या.

तारा दोन का, तर ट्रामला परतीचा करंट रुळातून सोडता येतो, रबरी टायरला ती सोय नाही. एक तार येण्याची, एक जाण्याची, टपावर दोन लांब दांडे (त्यांना पोल म्हणतात), दाब ६०० व्होल्ट डीसी. खरी गंमत चौकात. तिथे एका रस्त्याची ‘प्लस’ तार दुसऱ्याच्या ‘मायनस’ला आडवी जाते, थेट टेकली तर शॉर्टसर्किट, म्हणून मध्ये इन्सुलेटरचा तुकडा घालतात आणि तेवढ्या जागेत वीजच नसते, ड्रायव्हरने पेडलवरचा पाय काढून गाडी वेगावर पुढे न्यायची. नेमकी तिथे थांबली तर पूर्वी पंचाईत, आताच्या गाड्यांत थोडं अंतर काटण्यापुरती बॅटरी असते. वळणावर पोल तारेवरून निसटला की ड्रायव्हर खाली उतरून मागची दोरी ओढून परत बसवतो. पोलमुळे गाडी एखादी लेन बाजूला सरकू शकते, पण त्याच तारेवरच्या पुढच्या ट्रॉलीला ओव्हरटेक करता येत नाही. व्हँकुव्हरच्या ब्रॉडवे रस्त्यावर ९ नंबरची ट्रॉली स्टॉप घेत घेत जाते आणि ९९ नंबरची एक्सप्रेस मात्र तारेविना, त्याला हे एक कारण धरतात. रस्ता खणलेला असला की ट्रॉलीच्या रूटवर सरळ डिझेल बस लावतात.

बाकीच्या शहरांनी सोडलं (मॉन्ट्रियल १९६६, विनिपेग १९७०, हॅमिल्टन १९९२, टोरोंटो १९९३, एडमंटन २००९), मग इथेच का टिकलं? नेहमीचं उत्तर म्हणजे चढ आणि स्वस्त जलविद्युत. चढावर विजेची मोटर डिझेलपेक्षा सरस हे खरं, पण जलविद्युत तर विनिपेगकडेही होती आणि हॅलिफॅक्सला चढ काय कमी आहेत, तरी दोघांनी तारा उतरवल्याच. जास्त पटणारं कारण साधं आहे: गाड्या थकल्या की इथे नव्या आल्या, सत्तरच्या दशकात, मग १९८२-८३ च्या सुमारास, मग २००६ ते २००९ दरम्यान विनिपेगच्या न्यू फ्लायर कंपनीच्या २६२ लो-फ्लोअर गाड्या. टोरोंटोत सत्तरच्या आसपासच्या गाड्या थकल्या त्या थकल्याच.

आजची सेवा ट्रान्सलिंक या महानगर वाहतूक संस्थेची उपकंपनी कोस्ट माउंटन चालवते. रूट साधारण तेरा, बहुतेक शहराच्या हद्दीतच, अपवाद १९ नंबर, जी स्टॅनली पार्कपासून थेट शेजारच्या बर्नबीतल्या मेट्रोटाऊनला जाते. तसेच ४ आणि १४ नंबर, ज्या पश्चिमेला हद्दीबाहेरच्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठापर्यंत जातात. २०२४ मध्ये पोलंडच्या सोलारिसला १०७ नव्या गाड्यांची ऑर्डर दिली गेली, त्या तारेखाली धावताधावताच बॅटरी भरून घेणाऱ्या आहेत.