पाठदुखीवर सुई चालते. चिनी औषधांची पुडी मात्र विचारून

गच्च भरलेल्या लोकलमध्ये ठाण्याहून सीएसएमटीपर्यंत उभं राहायचं आणि मग दिवसभर खुर्चीत बसायचं, असा दिनक्रम असलेल्यांच्या पाठी कुरकुरतातच. गोळ्या झाल्या, फिजिओथेरपी झाली की कुणीतरी नौपाड्यातला किंवा वाशीतला ॲक्युपंक्चरवाला, म्हणजे चिनी पद्धतीने सुया टोचून उपचार करणारा, सुचवतं. जावं का?

याचं एक चांगलं उत्तर जर्मनीतून मिळालं. जुनाट पाठदुखीच्या ११६२ रुग्णांवर तिथे मोठी चाचणी झाली, २००७ साली तिचे निष्कर्ष आले. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे रुग्णांचे तीन गट पाडले. एका गटाला चिनी शास्त्रात सांगितलेल्या बिंदूंवर सुया टोचल्या. दुसऱ्याला बिंदू सोडून भलत्याच जागी, तेही वरवर. तिसऱ्याला नेहमीचे उपचार: औषधं, व्यायाम, फिजिओथेरपी. सहा महिन्यांनी पहिल्या गटातल्या ४७.६ टक्के लोकांना चांगला आराम होता, दुसऱ्यातल्या ४४.२ टक्के आणि तिसऱ्यातल्या फक्त २७.४ टक्के लोकांना.

हे आकडे दोन्ही बाजूंना अडचणीचे आहेत. सुई कुठेही टोचली तरी जवळपास तितकाच गुण येत असेल, तर शरीरातून ‘ची’ नावाची ऊर्जा ठरावीक वाटांनी वाहते हा नकाशा टिकत नाही. पण सुया टोचून घेतलेले लोक नेहमीच्या उपचारांपेक्षा बरे राहिले, हेही नाकारता येत नाही. त्यात अपेक्षेचा वाटा नक्कीच आहे, कारण आपल्याला सुया मिळाल्या नाहीत हे तिसऱ्या गटाला ठाऊक होतं. टोचण्याने मज्जातंतू चाळवतात आणि एंडॉर्फिनसारखी वेदनाशामक द्रव्यं शरीरातच सुटतात, हेही कारण असावं. माझ्या मते पाठ आणि गुडघ्यासाठी, व्यायाम चालू ठेवून, सुया घ्यायला हरकत नाही. पायातली ताकद कमी झाली असेल, लघवीवरचा ताबा सुटत असेल, ताप येत असेल किंवा वजन उतरत असेल, तर मात्र आधी डॉक्टर.

ही विद्या आपल्याकडे आणली डॉ. बिजॉय कुमार बसू यांनी, १९५९ मध्ये. सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांसोबत १९३८ साली चीनला गेलेल्या वैद्यकीय पथकातले ते डॉक्टर. महाराष्ट्राने २०१५ मध्ये ॲक्युपंक्चरसाठी स्वतंत्र कायदा केला. त्यामुळे उपचार करणाऱ्याकडे नोंदणी आहे का, हे बेधडक विचारा. सुयांचं पाकीट आपल्यासमोर फोडायला लावा.

चिनी वनस्पतींचं प्रकरण वेगळं. पावसाळ्यात ठाण्यात कुणाला फाल्सिपेरम मलेरिया झाला, तर त्याला मिळणारं आर्टेसुनेट हे औषध मुळात एका चिनी वनस्पतीचं देणं आहे. चिनी संशोधक तू योयो यांना चौथ्या शतकातल्या गे होंग या चिनी विद्वानाच्या ग्रंथात ही वनस्पती पाण्यात भिजवून पिळायला सांगितलेली आढळली. उकळल्याने गुण जात असणार, असं त्यांनी ताडलं आणि १९७१ मध्ये कमी तापमानाला उकळणाऱ्या ईथरने अर्क काढला. २०१५ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. पण आज रुग्णाला मिळते ती शुद्ध केलेलं, मोजलेलं औषध असलेली गोळी, अर्क नव्हे.

हे मोजमाप नसलं की काय होतं, ते बेल्जियममध्ये दिसलं. १९९०च्या दशकात तिथल्या एका क्लिनिकने वजन कमी करण्यासाठी चिनी वनस्पतींच्या गोळ्या दिल्या. एका वनस्पतीच्या जागी ॲरिस्टोलोकिया वंशाची दुसरीच आली होती. सुमारे शंभर स्त्रियांची मूत्रपिंडं खराब झाली, काहींना पुढे मूत्रमार्गाचा कर्करोग झाला.

चिनी मिश्रणांत आपलं ओळखीचं ज्येष्ठमधही बरेचदा असतं. ते रोज जास्त पोटात गेलं तर रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम घटतं. हृदयरोगासाठी दिलं जाणारं दानशेन हे चिनी मूळ रक्त पातळ ठेवणाऱ्या वॉरफेरिनसोबत घेतलं तर रक्तस्राव होऊ शकतो. अशी पुडी चालू असेल तर डॉक्टरांकडे जाताना ती वेष्टनासकट सोबत न्या, आणि शस्त्रक्रिया ठरली असेल तर भूलतज्ज्ञांनाही दाखवा.