'अ' की 'ॲन'? अक्षर नव्हे, उच्चार पाहा

'ए, ई, आय, ओ, यू यांपैकी एखाद्या अक्षराने सुरू होणाऱ्या शब्दाआधी ॲन (an), बाकी सर्वांआधी अ (a)' हा इंग्रजी उपपदांचा नियम शाळेच्या वह्यांपासून मोबाइलवरील संदेशांपर्यंत वर्षानुवर्षे फिरत आहे. बहुतेक शब्दांना तो लागू पडतो, म्हणूनच तो खरा वाटतो. परंतु वर्गात आपल्या गावाविषयी किंवा प्रवासाविषयी इंग्रजीत बोलू लागले, की तो अडतो.

वस्तुतः ही निवड अक्षरावर नसून शब्दाच्या पहिल्या ध्वनीवर अवलंबून असते. मुळात 'ॲन' हेच जुने रूप असून व्यंजनध्वनीपूर्वी त्यातील 'न' गळत गेला. 'नॅप्रन' या जुन्या शब्दाचा 'न' तर 'अ'ला चिकटून 'ॲन एप्रन' असे रूप रूढ झाले.

पडताळणीची सोय आपल्या लिपीतच आहे, कारण देवनागरीत आपण उच्चार लिहितो. 'अवर' हा तासासाठीचा शब्द स्पेलिंगमध्ये 'एच'ने सुरू होत असला, तरी देवनागरीत त्याच्या आरंभी स्वर येतो, म्हणून 'ॲन अवर'. 'युनिव्हर्सिटी' 'य'ने आणि 'वन-वे' 'व'ने सुरू होतो, म्हणून 'अ युनिव्हर्सिटी', 'अ वन-वे स्ट्रीट'. संक्षेपांनाही हेच लागू आहे: 'ॲन एमएलए', 'ॲन एसटी बस', मात्र 'अ यूएसबी केबल'. आपल्या उच्चाराची खात्री नसेल, तर शब्दकोशातील उच्चारचिन्हांत पहिला ध्वनी पाहावा.