मालवणातली खानावळ आली कुठून?

मालवणात जेवायची जागा शोधायला निघालं की 'घरगुती जेवण' आणि 'खानावळ' हे शब्द पाटीपाटीवर भेटतात. हे शब्द गिऱ्हाइकाला भुलवण्यासाठी घेतलेले नाहीत. त्यांचा इतिहास आहे, आणि तो सुरू होतो मुंबईत.

1856 साली मुंबईत पहिली कापडगिरणी चालू झाली. पुढच्या काळात कोकणातून हजारो चाकरमानी परळ-लालबागला आले. बायकापोरं गावी आणि एका खोलीत पाळीपाळीनं झोपणारे बाप्ये! त्यांना रांधून घातलं चाळीतल्या बायांनी. महिन्याच्या बोलीवर दोन वेळचं जेवण, हिशेब पगाराच्या दिवशी, तोवर वाण्याची उधारी आणि सावकाराचं व्याज बाईच्या डोक्यावर. याच बायांना बँकेचं कर्ज मिळावं म्हणून प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. या खानावळींचं ऋण आपण अजून नीट मानलेलंच नाही. तिरफळ घातलेला बांगड्याचा तिखला, भाजलेल्या खोबऱ्याचं वाटप यांना 'मालवणी जेवण' हे नाव मुंबईनं दिलं, असं मला वाटतं. गावात त्याला नुसतं जेवण म्हणत.

खुद्द मालवण हे बंदर आणि तालुक्याचं गाव. बाहेर जेवणारा म्हणजे कोर्टकचेरीला, बाजाराला आलेला माणूस. सिंधुदुर्ग किल्ल्याचं काम 1664 साली सुरू झालं तरी किल्ला बघायला येणाऱ्यांवर गावाची चूल चालू लागली ती अगदी अलीकडे. 1981 मध्ये रत्नागिरीतून सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला, 1997 मध्ये तो पर्यटन जिल्हा ठरला आणि 26 जानेवारी 1998 रोजी कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली. मालवणला स्टेशन नाही. उतरायचं कुडाळला किंवा कणकवलीला. तरीही माणसं येत राहिली. तारकर्ली-देवबागच्या माडांत घरं 'न्याहारी-निवास' झाली आणि घरच्या चुलीवरचं पाहुण्यांच्या ताटात आलं. रांधणारे हात पुन्हा बहुतेक बायकांचेच.

ताट मात्र बदललं. कोंबडी-वडे हा जावयासाठी, गटारीला, सणावाराला होणारा बेत. तो आता रोजचा झाला. घरी भातावर ओतून जेवण संपवायची सोलकढी पेल्यातून आधीच समोर येते. सुरमई आणि पापलेट यांनी तारल्यांसारख्या छोट्या मासळीला, तिसऱ्यांना (शिंपल्यांना) मागं ढकललं, याचं मला वाईट वाटतं. घरोघरची खरी चव त्या स्वस्त मासळीतच होती.

मासळीचं वेळापत्रक समुद्र ठरवतो. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण झाला की होड्या पुन्हा जोमानं बाहेर पडतात. म्हणून जुन्या खानावळीत मेनूकार्ड मागण्याऐवजी 'आज काय गावला?' एवढंच विचारावं. बंदीच्या दिवसांत ताज्या सुरमईचा हट्ट धरू नये. तेव्हा सुकट, सुका बांगडा, काळ्या वाटाण्याची उसळ आणि घावणे मागावेत. पावसाळ्यात मालवणची घरंही हेच जेवतात.