विंडोज १२ च्या चर्चेमागचा इतिहास: दिसणं आणि अटी

विंडोजच्या पुढच्या आवृत्तीची कुजबुज २०२२ पासून सुरू आहे. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये विंडोज बनवणाऱ्या मायक्रोसॉफ्ट या कंपनीच्या एका कार्यक्रमात पडद्यावर काही क्षण एक चित्र झळकलं. त्यात टास्कबार खालच्या कडेपासून सुटून तरंगत होता, घड्याळ उजव्या कोपऱ्यात वर गेलं होतं, हवामान डावीकडे आणि शोधपट्टी वर मध्यभागी आली होती. तेवढ्यावर ‘विंडोज १२’ हे नाव रुळलं. मग ‘हडसन व्हॅली’ या सांकेतिक नावाची नवी विंडोज २०२४ मध्ये येणार, असं सगळीकडे छापून आलं. प्रत्यक्षात आलं ते विंडोज ११ चंच २४एच२ (२०२४ चा उत्तरार्ध) हे अपडेट. आतला पाया बदलला होता, बिल्डचा, म्हणजे तयार झालेल्या प्रतीचा, क्रमांक २६१०० वर गेला होता, पण नाव तेच राहिलं आणि टास्कबारही जागेवरून हलला नाही.

अफवांमध्ये चर्चा होते ती दिसण्याची. आपला संगणक नव्या आवृत्तीत बसणार की नाही हे मात्र अटींवर ठरतं, आणि अटींचा सुगावा बहुतेक वेळा प्रीव्ह्यूमध्येच, म्हणजे अंतिम आवृत्तीआधीच्या चाचणी प्रतीत, लागलेला असतो. गेल्या वीस वर्षांत हे पुन्हा पुन्हा घडलं आहे.

लाँगहॉर्न या सांकेतिक नावाची विंडोज हे त्याचं जुनं उदाहरण. ऑक्टोबर २००३ मध्ये डेव्हलपरांच्या परिषदेत त्याचं ४०५१ हे बिल्ड वाटण्यात आलं. त्यात फायली डेटाबेससारख्या शोधण्याची विनएफएस ही योजना होती आणि नव्या ग्राफिक्सची आश्वासनं होती. ऑगस्ट २००४ मध्ये कंपनीने तोवरचं बरंचसं काम बाजूला ठेवलं आणि सर्व्हर आवृत्तीच्या कोडवरून नव्याने सुरुवात केली. विनएफएस गळालं. उरलेलं व्हिस्टा या नावाने ३० जानेवारी २००७ ला दुकानांत आलं. व्हिस्टा संथ होतं ही तक्रार सर्वांना आठवते. तिच्याइतकाच महत्त्वाचा होता ‘व्हिस्टा कॅपेबल’ हा स्टिकर. नव्या ग्राफिक्ससाठी नव्या पद्धतीचा ड्रायव्हर (हार्डवेअर विंडोजशी जोडणारा प्रोग्रॅम) लागणार होता आणि इंटेलच्या ९१५ चिपसेटला तो मिळणार नव्हता. तरीही अट सैल करून त्या चिपसेटच्या लॅपटॉपवर स्टिकर लावू दिला गेला. २००७ मध्ये अमेरिकेत त्यावर दावा झाला आणि पुढच्या वर्षी कंपनीचे अंतर्गत ईमेल न्यायालयातून बाहेर आले. २००९ मध्ये त्या खटल्याचा सामूहिक दर्जा काढून घेण्यात आला, पण किमान अट लिहिताना कोणाची सोय पाहिली जाते हा प्रश्न तेव्हापासून कायम आहे.

विंडोज ७ चा प्रवास त्यामानाने सरळ झाला. विंडोज ८ मध्ये मात्र एक छोटी गोष्ट घडली, तिचा पुढे संबंध येतो. सप्टेंबर २०११ च्या डेव्हलपर प्रीव्ह्यूमध्ये रजिस्ट्रीतलं, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या नोंदवहीतलं, ‘आरपीएनेबल्ड’ हे मूल्य १ वरून ० केलं की जुना स्टार्ट मेनू परत यायचा. अनेकांनी त्यावरच समाधान मानलं. २९ फेब्रुवारी २०१२ च्या कन्झ्युमर प्रीव्ह्यूमध्ये ही वाट बंद झाली आणि स्टार्टचं बटणही गेलं. प्रीव्ह्यूमध्ये सापडलेली पळवाट अंतिम आवृत्तीत टिकेलच, असं कोणी सांगितलेलं नसतं.

विंडोज १० च्या वेळी गोंधळ झाला तो ‘शेवटची आवृत्ती’ या शब्दांचा. मे २०१५ मध्ये कंपनीच्या एका कर्मचाऱ्याने परिषदेतल्या भाषणात विंडोज १० ला विंडोजची शेवटची आवृत्ती म्हटलं. कंपनीने ते खोडून काढलं नाही. यापुढे विंडोज ही सतत अद्ययावत होणारी सेवा असेल, एवढंच तिने सांगितलं. लोकांनी त्याचा अर्थ काढला की आता नवी आवृत्ती कधीच विकत घ्यावी लागणार नाही. विंडोज १० च्या पाठबळाची मुदत मात्र १४ ऑक्टोबर २०२५ अशी छापील होती. जून २०२१ मध्ये त्या तारखेकडे लक्ष गेल्यावर अनेकांना ती नवी बातमी वाटली.

सेवा म्हणून विंडोज चालवण्याची ही पद्धत धोक्याचीही ठरली. २ ऑक्टोबर २०१८ ला आलेलं १८०९ हे अपडेट रिलीज प्रीव्ह्यू हा चाचणीचा शेवटचा टप्पा न ओलांडताच सर्वांसाठी खुलं केलं गेलं. डॉक्युमेंट्ससारखे फोल्डर दुसऱ्या जागी वळवलेल्या काही संगणकांवर मूळ जागेतल्या फायली त्याने पुसून टाकल्या. इनसायडरांनी, म्हणजे प्रीव्ह्यू वापरून पाहणाऱ्या स्वयंसेवकांनी, अशा तक्रारी आधीच नोंदवल्या होत्या, पण त्या वर आल्या नाहीत. चार दिवसांत अपडेट थांबवावं लागलं आणि ते परत सुरू झालं १३ नोव्हेंबरला.

आता २०२१. दोन पडद्यांच्या उपकरणांसाठी जाहीर झालेली, नंतर एका पडद्याकडे वळवलेली विंडोज १०एक्स ही आवृत्ती त्या वर्षी मे महिन्यात गुंडाळण्यात आली. तिचा मध्यभागी आणलेला टास्कबार मात्र ‘सन व्हॅली’ या सांकेतिक नावाच्या, विंडोजचं रूप बदलण्याच्या कामात उतरला. २ जूनला घोषणेच्या कार्यक्रमाचं निमंत्रण आलं. त्यातल्या खिडकीच्या उजेडात आडवी दांडी नव्हती, त्यामुळे जमिनीवर ११ असा आकडा पडल्यासारखा दिसत होता. १५ जूनला २१९९६ हे बिल्ड फुटलं, म्हणजे घोषणेआधीच बाहेर पसरलं. त्याची पूर्ण ओळख ‘२१९९६.१.२१०५२९-१५४१.सीओ_रिलीज’ अशी होती. ती अशी वाचायची: पहिला आकडा बिल्डचा, दुसरा त्यावरच्या सुधारणेचा, मग वर्ष-महिना-दिवस म्हणजे २९ मे २०२१, पुढे वेळ १५ वाजून ४१ मिनिटं, आणि शेवटी कोडची शाखा. ‘सीओ’ म्हणजे कोबाल्ट, त्या वर्षीच्या पायाचं नाव. फुटलेलं बिल्ड खरं आहे का आणि कितपत जुनं आहे, याचा पहिला अंदाज या ओळीवरून येतो. मात्र अशी आयएसओ फाइल (विंडोज टाकण्याच्या डिस्कची एकत्र प्रत) अनोळखी ठिकाणाहून येते आणि तिचा अधिकृत हॅश, म्हणजे फाइल अस्सल आहे का हे ओळखण्याचा आकडा, जुळवायला मिळत नाही. म्हणून ती व्हर्च्युअल मशीनबाहेर, म्हणजे संगणकाच्या आत चालणाऱ्या आभासी संगणकाबाहेर, चालवू नये.

त्या आठवड्यात स्टार्ट मेनूची चित्रं लाखोंनी पाहिली. जुन्या संगणकांवर सेटअप चालवणाऱ्यांना मात्र ‘हा पीसी विंडोज ११ चालवू शकत नाही’ असा संदेश आला आणि कारण दिलं होतं टीपीएम २.०, म्हणजे किल्ल्या जपून ठेवणारी सुरक्षा चिप. विंडोज १० च्या आयएसओतली ‘अप्रेझररेस’ ही फाइल सोर्सेस फोल्डरमध्ये टाकली की तपासणी टळत होती, म्हणून तो संदेश कच्च्या बिल्डमधला दोष मानला गेला. खरी बातमी तीच होती.

२४ जूनला अधिकृत घोषणा झाली आणि गोंधळ वाढला. कंपनीच्या कागदपत्रांत दोन मर्यादा होत्या. कडक मर्यादेत, म्हणजे जिच्याखाली विंडोज ११ चढणारच नव्हती, टीपीएम १.२ पुरेसं होतं. सैल मर्यादेत २.० हवं होतं, पण ते नसलं तर फक्त इशारा मिळणार होता. काही दिवसांतच हा भेद पुसला गेला आणि २.० हीच एकमेव अट उरली. तपासणीचं अधिकृत ॲप ‘चालणार नाही’ एवढंच सांगत होतं, का ते सांगत नव्हतं, म्हणून तेही मागे घ्यावं लागलं.

टीपीएमची मागणी अनपेक्षित नव्हती. २८ जुलै २०१६ पासून विंडोज १० सह विकल्या जाणाऱ्या नव्या संगणकांत टीपीएम २.० असणं बंधनकारक होतं. वाद खरा आहे तो प्रोसेसरच्या यादीचा. इंटेलची आठवी पिढी, एएमडीची रायझन २००० मालिका आणि त्यापुढचेच प्रोसेसर यादीत आले. कारण म्हणून सुरक्षा आणि स्थैर्य सांगितलं गेलं. अटी न पाळणाऱ्या संगणकांवर कर्नल (विंडोजचा गाभा) पातळीवरचे क्रॅश ५२ टक्के जास्त आढळले, असा कंपनीचा आकडा होता. सुरक्षेचा मुद्दा मात्र यादीशी जुळत नाही. स्मृतीतल्या कोडची अखंडता तपासण्याचं काम हलकं करणारी हार्डवेअर सोय इंटेलच्या सातव्या पिढीत आहे, आणि एएमडीकडे ती रायझन २००० नंतरच्या झेन २ या रचनेपासून आली. म्हणजे सोय असलेली सातवी पिढी यादीबाहेर, आणि सोय नसलेली रायझन २००० यादीत. ऑगस्ट २०२१ मध्ये सातव्या पिढीतला कोअर आय७ ७८२०एचक्यू काही ठरावीक उपकरणांपुरता आत घेतला गेला. कंपनी स्वतः तेव्हा विकत असलेल्या एका महागड्या संगणकात हाच प्रोसेसर होता. आधुनिक ड्रायव्हर असल्याचं कारण पुढे करण्यात आलं, पण तेच कारण इतरांना का लागू नाही याचं समाधानकारक उत्तर मिळालं नाही. ऑफिसांतून निघालेले सहाव्या-सातव्या पिढीचे संगणक मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारांतून घेणाऱ्या आपल्याकडच्या विद्यार्थ्याला आणि दुकानदाराला हा निर्णय थेट भिडतो.

बऱ्याच संगणकांत टीपीएम असतं, फक्त बंद असतं. विंडोज आणि आर ही बटणं एकत्र दाबून ‘टीपीएम डॉट एमएससी’ चालवा आणि स्पेसिफिकेशन व्हर्जनसमोर २.० आहे का ते पाहा. काहीच सापडलं नाही तर बायोसमध्ये, म्हणजे विंडोजआधी उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंग्जमध्ये, शोधा. इंटेलच्या बोर्डवर ते पीटीटी या नावाने, एएमडीच्या बोर्डवर एफटीपीएम या नावाने असतं. २०२१ मध्ये घाईने महाग टीपीएम मॉड्यूल विकत घेणाऱ्यांचे पैसे बहुधा वायाच गेले. १४ पिनांचं मॉड्यूल २० पिनांच्या जागेत बसत नाही, आणि बसणारंही दुसऱ्या बोर्डवर चालेलच असं नाही.

बायोसला हात लावण्याआधी बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू आहे का ते बघा. असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की दुसरीकडे लिहून ठेवा आणि बिटलॉकर तात्पुरतं थांबवा. डिस्कची किल्ली टीपीएममध्ये बंद असते. टीपीएम बदललं, किंवा बायोस अपडेट करताना एफटीपीएम कोरं झालं, की संगणक तीच की मागतो, आणि ती नसेल तर डेटा गेला.

दुसरी अडचण बूटची, म्हणजे संगणक सुरू होण्याची. ‘एमएसइन्फो३२’ या माहितीच्या पानावर बायोस मोड ‘लेगसी’ दिसला तर डिस्क बहुधा एमबीआर या जुन्या विभागणी पद्धतीची असते. सिक्युअर बूटसाठी (सुरू होताना फक्त विश्वासू कोड चालू देणारी सोय) घाईने सीएसएम ही जुन्या बूटची सोय बंद केली की संगणक उठत नाही. आधी डिस्क नव्या जीपीटी पद्धतीत बदलणारी ‘एमबीआर२जीपीटी’ ही आज्ञा व्हॅलिडेट पर्यायासह चालवायची, ती पार पडली की कन्व्हर्टसह, आणि मगच बायोसमध्ये यूईएफआय हा नव्या पद्धतीचा बूट निवडायचा. चालू विंडोजमधून हे करताना ‘अलाउफुलओएस’ हा पर्याय जोडावा लागतो. तीनपेक्षा जास्त प्रायमरी पार्टिशन असतील किंवा एक्स्टेंडेड पार्टिशन असेल तर व्हॅलिडेट अडकतं. जुन्या डिस्कचे सी, डी, ई असे तुकडे पाडलेले असतात, तिथे हे हमखास होतं. बॅकअप या सगळ्याच्या आधी.

अट पूर्ण केलेल्यांचाही त्रास संपला नाही. एफटीपीएम चालू केलेल्या काही रायझन संगणकांवर अधूनमधून आवाज आणि चित्र अडखळू लागलं. मदरबोर्डवरच्या फ्लॅश चिपशी एफटीपीएमचे व्यवहार लांबत होते. मार्च २०२२ मध्ये एएमडीने दोष मान्य केला आणि उपाय बायोस अपडेटमधून आला.

पळवाटांचं काय झालं? इनसायडर म्हणून आधीपासून चाचणी करणाऱ्यांना अपात्र संगणकावर तात्पुरती मुभा होती, पण ५ ऑक्टोबर २०२१ ला अंतिम आवृत्ती आल्यावर त्यांना पुन्हा विंडोज १० टाकायला सांगितलं गेलं. टीपीएम १.२ असलेल्यांसाठी रजिस्ट्रीतली एक नोंद खुद्द कंपनीने मदतपानावर दिली होती. डिसेंबर २०२४ मध्ये टीपीएम २.० बाबत तडजोड नाही असं तिने ठणकावलं आणि त्यानंतर ती नोंद पानावरून गेली.

त्याआधी, २४एच२ चे प्रीव्ह्यू आले तेव्हा आणखी एक भिंत दिसली. पॉपकाउंट ही प्रोसेसरची अंगभूत सूचना नसलेल्या संगणकांवर ते बूटच होईना, नंतर एसएसई ४.२ या सूचनांच्या संचाचीही गरज आली. कोअर २ च्या काळातले प्रोसेसर इथे थांबले. टीपीएमची अडवणूक ही सेटअपमधली तपासणी आहे, फाइल बदलून ती चुकवता येते. पॉपकाउंटची सूचना कर्नल स्वतः वापरतो, म्हणून कुठलीही फाइल किंवा रजिस्ट्रीची नोंद तिथे उपयोगी पडत नाही.

पुढचा प्रीव्ह्यू येईल तेव्हा तो कामाच्या संगणकावर टाकू नये. कॅनरी किंवा डेव्ह या सर्वांत कच्च्या प्रीव्ह्यू चॅनेलमधून बाहेर पडायचं तर सहसा सगळं पुसून विंडोज कोरी टाकावी लागते. नवी आवृत्ती टाकल्यावर आधीच्या आवृत्तीकडे मागे जाण्याची सोय साधारण १० दिवसच राहते. विंडोज १० वर थांबलेल्यांसाठी घरगुती वापराची वाढीव सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहेत, आणि त्यासाठी वेगळी नोंदणी करावी लागते.