टीव्हीचा आकडा घसरला, म्हणून फुटबॉल संपला?

सात रस्ता चौकातल्या चहाच्या गाड्यावर दर हंगामात एक वाक्य ऐकू येतं, "फुटबॉल संपलं बे, टीव्हीवर कोण बघतंय?" निष्कर्ष चुकीचा आहे.

टीव्हीचे प्रेक्षक 'बार्क' ही संस्था मोजते. देशभरातल्या ५० हजारांहून अधिक निवडक घरांत मीटर असतात. वाहिनीच्या आवाजात कानाला न कळणारी खूण मिसळलेली असते, मीटर ती टिपतो. म्हणजे मोजला जातो तो टीव्ही, तुमच्या हातातला मोबाइल नव्हे.

१८ डिसेंबर २०२२ ची विश्वचषकाची अर्जेंटिना-फ्रान्स फायनल आठवा. आपल्याकडे रात्री साडेआठला सुरू झाली, म्हणजे घराघरांत मालिकांची वेळ. रिमोट कोणाच्या हातात असतो ते सांगायला नकोच! पोरांनी मोबाइल काढला. जिओसिनेमा अ‍ॅपवर सामना फुकट होता, आणि जिओसिनेमानेच जाहीर केलेला प्रेक्षकांचा आकडा होता ३ कोटी २० लाख.

रात्रपाळीत यंत्रमागाशेजारी, सुताच्या कोनाला टेकवलेल्या मोबाइलवर साडेबाराची मॅच बघणारा कामगार मीटरच्या हिशेबात नाहीच. खडखडाटात त्याला कॉमेंट्री ऐकू येत नाही, ती गोष्ट वेगळी.

बाकी क्रीडावाहिन्यांचं पॅक महागल्यावर काहींनी टीव्हीचा रिचार्जच सोडला, हेही खरं.