पावती कुणाच्या नावानं? क्रिप्टोतल्या देणगीची पार्श्वभूमी

आमच्या कोल्हापुरात तालमीला गणपतीची वर्गणी दिली की पोरगं तिथल्या तिथं पावती फाडतंय, वर फळ्यावर नाव लागतंय, आणि कोण दिलं नाही हेपण आख्ख्या पेठेला कळतंय. क्रिप्टोतली, म्हणजे बिटकॉइनसारख्या डिजिटल चलनातली देणगी नेमकी उलट्या टोकानं सुरू झाली.

२०१० च्या डिसेंबरात व्हिसा, मास्टरकार्ड, पेपॅल यांनी सरकारांची गुप्त कागदपत्रं फोडणाऱ्या विकिलीक्सच्या देणग्या अडवल्या, मग २०११ मध्ये विकिलीक्सनं बिटकॉइन घ्यायला सुरुवात केली, म्हणजे सुरुवात अडचणीतनं झाली, दानधर्म वगैरे नंतर. पुढं भाव चढला तसं अमेरिकेतल्या लोकांच्या ध्यानात आलं की कॉइन विकून पैसे देण्यापेक्षा कॉइनच संस्थेला दिलं तर नफ्यावरचा टॅक्स वाचतोय आणि वर वजावटपण मिळतीय. २०१७ च्या शेवटी 'पाइन' नावानं कुणीतरी ५,०५७ बिटकॉइन वाटायला काढले, ६० संस्थांना मिळून साडेपाच कोटी डॉलर गेले. माणूस कोण ते अजून कळलं नाही! २०१९ च्या ऑक्टोबरात युनिसेफनंपण क्रिप्टो फंड काढला.

आपल्याकडं खरी गोष्ट २०२१ ची. कोविडच्या दुसऱ्या लाटेत पॉलिगॉन या क्रिप्टो कंपनीच्या संदीप नैलवालनी क्रिप्टो रिलीफ फंड काढला आणि मे महिन्यात इथेरियम हे क्रिप्टोचं जाळं काढणाऱ्या विटालिक ब्युटेरिननं त्यात शिबा इनू नावाचे ५० लाख कोटी कॉइन टाकले, कागदावर १०० कोटी डॉलरच्या आसपास. पण बातमी फुटली तसा भाव घसरला, आणि एकदम विकायला काढले असते तर आणखी आपटला असता, म्हणून हळूहळू विकायचं ठरलं. त्यात परदेशी देणगी म्हणल्यावर त्यासाठीच्या एफसीआरए कायद्याचे नियम आलेच. शेवटी २०२२ मध्ये त्यातले १० कोटी डॉलर परत ब्युटेरिनकडंच गेले, कोविडवरच्या संशोधनाला.

ब्लॉकचेन म्हणजे क्रिप्टोच्या व्यवहारांची वही, ती सगळ्यांना उघडी असते हे खरं, पण ती वॉलेटपाशी, म्हणजे कॉइनच्या डिजिटल पाकिटापाशी संपते, पुढं पैशाचं काय झालं ते त्यात दिसत नाही. २०१९ च्या महापुरात शिरोळकडं निघालेल्या टेम्पोत भाकरी किती, चटणी किती, पाण्याचे बॉक्स किती हे एक पोरगं शाळेच्या वहीत लिहीत बसलेलं, पावसानं पानं चिकटली तरी हिशोब लागला.

२०२२ च्या नोव्हेंबरात एफटीएक्स हा क्रिप्टोचा बाजार बुडाला आणि त्यांच्या फ्युचर फंड या देणगी संस्थेनं कबूल केलेली अनुदानं लटकली. आपल्याकडं त्याच वर्षापासून क्रिप्टोच्या नफ्यावर ३० टक्के टॅक्स, व्यवहारावर १ टक्का टीडीएस, आणि देणगीवर मिळणारी टॅक्सची सवलत वस्तूरूपातल्या देणगीला आधीपासनंच नाही, मग कॉइन कोण देणार सांगा.

मागं तालमीच्या बैठकीत एकानं क्रिप्टोचा क्यूआर लावूया म्हणून विषय काढला. खजिनदारांनी पावतीपुस्तक उघडलं, पेनाचं टोपण काढलं आणि विचारलं, "नाव काय घालू?"